घरातल्या नेहमीच्या वस्तूंचे दर टिपून ठेवायचे आहेत. खरी सवलत ओळखायची कशी?

प्रश्न – चौकटीची वही

आमच्या घरी कपडे धुण्याच्या पावडरीसाठी एक जुना काचेचा डबा आहे. नवा पुडा आणला की तो या डब्यात रिकामा करायचा, असा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे, आणि पूर्ण पुडा ओतल्यावर पावडर डब्याच्या गळ्याशी असलेल्या कंगोऱ्यापर्यंत येते हे डोळ्यांच्या चांगलेच सवयीचे झाले आहे. मागच्या आठवड्यात मात्र ती कंगोऱ्याच्या दोन बोटे खाली राहिली. पुडा कुठेतरी फाटला असावा असे आधी वाटले. मग कचऱ्याच्या टोपलीतून तो बाहेर काढून मागची बारीक अक्षरे वाचली, तेव्हा निव्वळ वजन ९०० ग्रॅम दिसले. पूर्वीचा पुडा एक किलोचा होता. उंची तीच, रुंदी तीच, चित्रही तेच.

मला खरी रुखरुख लागली ती पुढच्या हिशेबाने. हा पुडा मी १० टक्के सवलत आहे म्हणून उचलला होता. किलोच्या पुड्याची जी किंमत असे, तीच आता ९०० ग्रॅमच्या पुड्यावर छापलेली होती. तिच्यातून १० टक्के वजा करून कागदावर त्रैराशिक मांडले, तर दर ग्रॅमला नेमका जुनाच भाव आला. म्हणजे सवलत म्हणून जे माझ्या पदरात पडले तो केवळ नेहमीचा भाव होता, आणि सवलत नसती तर मी सुमारे ११ टक्के जास्त मोजले असते व मला त्याचा पत्ताही लागला नसता. जुनी किंमत आठवली तीसुद्धा बरेच दिवस ती बदलली नव्हती म्हणून. इतर वस्तूंच्या बाबतीत मला एवढेही सांगता येणार नाही.

म्हणून दरांची एक वही ठेवावी असे मनात आहे. यापूर्वी एकदा सगळ्या पावत्या खणात जपून ठेवण्याचा प्रयत्न केला होता, परंतु वर्षभराने खण उघडला तर निम्म्या पावत्या कोऱ्या पडल्या होत्या. वहीत नेमके काय लिहावे, किती वस्तूंचे लिहावे, आणि मुख्य म्हणजे पुढे एखादी सवलत दिसली की ती कशाशी ताडून पाहावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद – मापतोल

पावत्या कोऱ्या पडण्याचे कारण त्यांच्या कागदात आहे. हा कागद उष्णतेने काळा पडणाऱ्या रसायनाच्या थराचा असतो. त्यावर शाई नसतेच, त्यामुळे ऊन, ऊब, तेलकट हात किंवा प्लॅस्टिकची पिशवी यांच्या संपर्कात आला की मजकूर फिकट होत जातो. पावती घरी आल्या दिवशीच वहीत उतरवावी, किंवा निदान तिचा फोटो काढून ठेवावा.

आठवणीवर विसंबू नये हे तर अनुभवाने कळतेच, पण त्याची मोजदादही झालेली आहे. पीटर डिक्सन आणि अ‍ॅलन सॉयर या दोन अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ग्राहकाने वस्तू टोपलीत ठेवताच त्याला तिथल्या तिथे किंमत विचारली होती. अचूक सांगू शकणारे निम्म्याहून कमी निघाले. हातातली वस्तू खाली ठेवून मिनिटही झालेले नसताना ही स्थिती असेल, तर दोन महिन्यांपूर्वीचा भाव कोणाला आठवणार?

वहीत मी इतकेच लिहितो: तारीख, वस्तू, दुकान, निव्वळ वजन किंवा नग, प्रत्यक्ष दिलेली रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात एका ठरलेल्या मापाचा दर. हा शेवटचा रकाना म्हणजेच वही. बाकीचे रकाने त्याच्या तयारीसाठी आहेत. माप एकदा ठरवले की ते बदलू नये. एका ओळीत शंभर ग्रॅमचा दर आणि दुसरीत किलोचा, असे झाले की घाईच्या वेळी हमखास चूक होते.

माप कोणते घ्यायचे, यावर मात्र थोडा विचार करावा लागतो, कारण वजन हे नेहमीच योग्य माप नसते. तुमच्या पावडरीचेच पाहा. काही पावडरी एका धुण्याला एक चमचा लागतात, काही तीव्र असल्याने अर्ध्या चमच्यात काम होते. अशा दोन पावडरींची ग्रॅमवर तुलना केली तर तीव्र पावडर विनाकारण महाग ठरते. तेथे ‘दर धुण्याचा खर्च’ हेच माप खरे. पुड्यावर किती धुणी होतील हे लिहिलेले असते, परंतु मी त्या आकड्यापेक्षा स्वतःचा आकडा धरतो: पुडा उघडल्याची तारीख कोपऱ्यात लिहून ठेवायची आणि तो संपेपर्यंतची धुणी मोजायची. कागदी रुमालांच्या गुंडाळ्या नगावर मोजून काहीच कळत नाही, कारण एका गुंडाळीत किती कागद, कागद किती मोठा आणि तो किती पदरी, हे तिन्ही बदलत असते. द्रवात बुडवलेल्या डबाबंद पदार्थांचे द्रव निथळल्यानंतरचे वजन धरावे. अंगाचा साबण वजनावर मोजायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मोठा पुडा स्वस्तच पडणार, ही समजूत वहीच्या पहिल्या पानावरच सोडून द्यावी. बहुतेक वेळा ती खरी ठरते, म्हणूनच जेथे ती खोटी ठरते तेथे आपण डोळे झाकून फसतो. मधल्या मापाच्या पुड्यावर सवलत चालू असते आणि शेजारचा मोठा पुडा मूळ भावात असतो, अशा दिवशी मोठा पुडा दर ग्रॅमला महाग पडतो, आणि तरीही हात सवयीने त्याच्याकडे जातो.

प्रतिसाद – जमाखर्च

वही कशी लिहावी हे वर उत्तम सांगितले आहे. ती वाचायची कशी, हा प्रश्नाचा शेवटचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

सवलत ही नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते, आणि ते ‘कशाच्या’ दुकानदाराने ठरवू दिले तर आपले मोजमाप त्याच्या हातात गेले. खोडलेली जुनी किंमत ही अशीच एक तुलना. अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनिएल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेला एक प्रयोग येथे आठवतो. त्यांनी लोकांसमोर एक आकड्यांचे चाक फिरवले, जे मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल असे केलेले होते. मग संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकेतील देश किती टक्के असतील, असे विचारले. ज्यांनी १० पाहिले त्यांच्या अंदाजांचा मध्य २५ आला, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही हे उघड असताना असे घडते, तर वस्तूच्याच लेबलावर खोडलेला आकडा मनात ठाण मांडून बसला तर त्यात नवल नाही. तो आकडा खोटा असेलच असे मी म्हणत नाही. पण त्या भावाने ती वस्तू शेवटची कधी विकली गेली, हे लेबल सांगत नाही. आधी भाव २५ टक्क्यांनी चढवून मग त्यावर २० टक्के सूट दिली, तर आपण होतो तेथेच परत येतो.

युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, दुकानदाराने किंमत उतरवल्याचे जाहीर केले की आधीची किंमत म्हणून त्याने मागील किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवायची असते. कायदा कोठे काय आहे ते बाजूला ठेवले, तरी ही कसोटी आपल्या वहीला सरळ उसनी घेता येते. ‘मागील महिन्याभरात हीच वस्तू याहून स्वस्त मिळत होती का?’ हा प्रश्न वहीला विचारावा, आणि उत्तर ‘हो’ आले तर लाल अक्षरांकडे दुर्लक्ष करावे.

आता आकड्यांविषयी. अनेक जण नोंदींची सरासरी काढतात. माझ्या मते ती फसवी आहे. समजा, एका वस्तूच्या ठरलेल्या मापाचे सात वेळचे दर २०, २०, २१, १२, २१, २०, १२ असे आहेत. सरासरी १८ येते, पण १८ ला ती वस्तू एकदाही मिळालेली नाही. हेच दर चढत्या क्रमाने मांडून मधला, म्हणजे चौथा आकडा घेतला तर २० येतो, आणि तो खरोखरच तिचा नेहमीचा भाव आहे. मी प्रत्येक वस्तूसाठी दोनच आकडे वर लिहून ठेवतो: मधला दर आणि सर्वांत कमी दर. मग ‘१० टक्के सूट’ म्हणून ती वस्तू १८ ला दिसली, की मला दोन गोष्टी एकदम कळतात. नेहमीच्या भावापेक्षा ती स्वस्त आहे, म्हणून घरात संपलेली असेल तर घ्यायला हरकत नाही. परंतु ती १२ पर्यंत उतरते हे वहीत दिसते आहे, म्हणून एकाहून अधिक घेण्याचे कारण नाही. सरासरी हाताशी असती, तर हा १८ ‘बरोबर भाव’ वाटून मी गाफील राहिलो असतो.

जुन्या नोंदी किती मागच्या धराव्यात, यालाही मर्यादा हवी. भाव चढत असताना तीन वर्षांपूर्वीचा सर्वांत कमी दर धरून बसलो, तर कोणतीच सवलत खरी वाटणार नाही आणि वही निरुपयोगी होईल. मी मागील १२ महिनेच पाहतो. जी वस्तू ऋतूप्रमाणे वर-खाली होते, तिची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो.

प्रतिसाद – थोडक्यात

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी नव्याने सुरुवात करणाऱ्या ताईंना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मी पहिल्या महिन्यात ८० वस्तू लिहायला घेतल्या आणि दुसऱ्या महिन्यात वही बंद पडली. आता फक्त १२ वस्तू लिहिते, आणि ती चौथे वर्ष चालली आहे.

वस्तू निवडताना टक्क्यांकडे पाहू नये, वर्षभरात त्या वस्तूवर एकूण किती रक्कम जाते ते पाहावे. कानमन आणि ट्व्हर्स्की यांचाच १९८१ सालचा एक निष्कर्ष आहे: १५ डॉलरच्या गणकयंत्रावर ५ डॉलर वाचणार असतील तर वीस मिनिटे गाडीने जाऊन दुसऱ्या दुकानातून ते आणायला ६८ टक्के लोक तयार होते, पण तेच ५ डॉलर १२५ डॉलरच्या गणकयंत्रावर वाचणार असतील तर फक्त २९ टक्के. वाचणारे पैसे तेवढेच, लागणारा वेळही तेवढाच. वर्षातून एकदा लागणाऱ्या किरकोळ वस्तूवर ४० टक्के वाचवण्यापेक्षा, दर आठवड्याला लागणाऱ्या वस्तूवरचे ८ टक्के किती तरी मोठे असतात.

चौकटीची वही

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दराची गोष्ट मला कधीच सुचली नसती. काल बसून १४ वस्तूंची यादी केली आणि रकाने आखले.

दोन शंका उरल्या आहेत. एकावर एक, ठरावीक टक्के जादा माल, गुणांच्या रूपाने परतावा, अशा सवलती वहीत एका दरात कशा बसवायच्या? आणि सर्वांत कमी दर खरोखरच समोर आला, तर किती घेऊन ठेवावे? आमच्याकडे ‘स्वस्त आहे’ म्हणून आणलेल्या वस्तू मागच्या फळीवर मुदत संपेपर्यंत राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि ते पाहून जीव हळहळतो.

प्रतिसाद – मापतोल

पहिल्या शंकेचे उत्तर असे की सवलतीचे नाव विसरून जावे आणि घरात आलेला एकूण माल व खिशातून गेलेली एकूण रक्कम यांचाच भागाकार करावा. दोन घेतल्यास तिसरा मोफत, याचा अर्थ प्रत्येकावर ३३ टक्के सूट. दुसऱ्या नगावर निम्मी किंमत, हे ऐकायला ५० टक्के वाटते, पण दोन्ही मिळून २५ टक्केच होते. ‘२० टक्के जादा माल’ आणि ‘२० टक्के सूट’ या दोन गोष्टी एक नव्हेत: १०० च्या किमतीत १२० ग्रॅम मिळाले तर दर फक्त १६.७ टक्क्यांनी उतरतो. तसेच २० टक्के सूट आणि त्यावर आणखी १० टक्के म्हणजे ३० नव्हे, २८.

गुणांच्या परताव्याविषयी मी कडक आहे. १०० च्या खरेदीवर पुढच्या वेळी वापरता येणारे १० मिळाले, तर १०० देऊन ११० चा माल घेतल्यासारखे झाले, म्हणजे फार तर ९ टक्के सूट. आणि तीही ते गुण मुदतीत, एरवी घेतलीच असती अशा वस्तूवर वापरले तरच. म्हणून ते मिळतात त्या दिवशी मी वहीत काहीच मांडत नाही. ज्या दिवशी वापरतो, त्या दिवशी त्या खरेदीच्या रकमेतून वजा करतो. घरपोच आणण्याचा खर्च असल्यास तो मात्र त्याच दिवशी सर्व वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटून टाकतो. नाहीतर स्वस्त दर वहीत राहतो आणि त्याच्यामागचा खर्च नजरेआड होतो.

किती घ्यावे, याचे उत्तर तुमच्या वहीतल्या तारखाच देतील. वस्तूचा भाव तळाला जाण्याच्या दोन वेळांमध्ये किती दिवस जातात ते पाहायचे. समजा, ते अंतर सुमारे आठ आठवड्यांचे आहे आणि एक पुडा तुम्हाला तीन आठवडे पुरतो. मग पुढच्या घसरणीपर्यंत तीन पुडे पुरेसे आहेत. चौथा पुडा घेऊन काही वाचत नाही, कारण तो संपण्याआधीच वस्तू पुन्हा त्याच भावाला मिळणार असते. हा हिशेब वापराच्या मुदतीशीही ताडून पाहावा. तीन पुड्यांतला तिसरा उघडण्याआधीच मुदत संपणार असेल, तर दोनच घ्यावेत. ३३ टक्के सूट मिळवून तीनपैकी एक फेकून दिला, तर उरलेले दोन पूर्ण भावाने घेतल्यासारखेच झाले.

साठा असला की हात सैल होतो, हेही लक्षात असू द्यावे. फळीवर तीन पुडे दिसत असताना चमचा थोडा अधिक भरला जातो. मी प्रत्येक पुडा उघडल्याची तारीख लिहितो त्याचे हे दुसरे कारण: एरवी तीन आठवडे पुरणारा पुडा साठ्याच्या काळात अडीच आठवड्यांत संपल्याचे मला दोनदा दिसले, आणि तेवढ्यात सवलतीचा बराचसा भाग निघून गेला होता.

प्रतिसाद – जमाखर्च

एक छोटी पुरवणी. जी वस्तू यापूर्वी कधीच घेतलेली नाही तिच्या सवलतीविषयी वही काहीच सांगू शकत नाही, आणि हे तिचे गप्प राहणेही उपयोगाचे आहे. अशा वेळी मी त्या दिवशीचा दर फक्त लिहून घेतो आणि वस्तू तेथेच ठेवून येतो. महिन्याभरात तो दर आणखी दोनदा लिहिला की मगच विचार करतो. ज्या वस्तूची तेव्हा खरोखर गरज असते ती अर्थात याला अपवाद.

चौकटीची वही

तीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण आपण सर्वांनी इतका वेळ देऊन समजावले आणि त्याचे काय झाले हे सांगणे मला आवश्यक वाटते.

१४ पैकी ११ वस्तूंच्या नोंदी टिकल्या आहेत. पावडरीच्या सहा नोंदींपैकी चार वेळा मोठ्या पुड्याचा दर मधल्या पुड्यापेक्षा चढा निघाला. मी अनेक वर्षे मोठाच पुडा आणत आले आहे. एका साबणावर प्रत्येक वेळी ‘मर्यादित काळासाठी सूट’ अशी पट्टी होती आणि पाचही नोंदींत दर अगदी एकच होता. त्याच्या पानावर आता मधला दर आणि सर्वांत कमी दर हे दोन्ही आकडे सारखेच लिहिले आहेत. दोन वस्तू खरोखर तळाच्या भावाला मिळाल्या, त्यांतली एक मोजून तीनच घेतली.

काचेच्या डब्यावर बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. पावडर आता जेथवर येते तेथे रेघ मारून तिच्यापुढे ‘९०० ग्रॅम’ आणि तारीख लिहिली आहे, आणि वर कंगोऱ्याशी ‘१००० ग्रॅम’ अशी जुनी खूणही ठेवली आहे. कालचा पुडा ओतला तेव्हा पावडर बरोबर खालच्या रेघेला लागली.